उताणे झोपल्यावरच घोरणे वाढते का? ते तपासून झोपण्याची स्थिती बदलण्याचा क्रमवार मार्ग

“तू कुशीवर असलास की आवाज नसतो, उताणा झालास की लगेच सुरू होतो,” असे माझी पत्नी मला कित्येक वर्षे सांगत होती आणि मी ते नुसते ऐकून घेत होतो. घोरणाऱ्या माणसाची मोठी अडचण हीच असते की ज्या आवाजाबद्दल घरातले सगळे बोलतात, तो त्याने स्वतः कधी ऐकलेलाच नसतो. अखेर एका रात्री मी फोन उशाजवळ ठेवून ध्वनिमुद्रण केले आणि सकाळी ते कानाशी धरून ऐकले. सुरुवातीचे दोन तास जवळजवळ शांत होते. पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास पलंग करकरला, पांघरूण सरकले, म्हणजे मी कूस सोडून उताणा झालो होतो, आणि त्यानंतर चार-पाच श्वासांतच घोरणे सुरू होऊन चढत गेले. मग ते एकदम थांबले. मी सेकंद मोजू लागलो. सतरापर्यंत आलो तेव्हा पाण्याखालून वर आलेल्या माणसाने घ्यावा तसा एक मोठा, धापेसारखा श्वास ऐकू आला. तेवढा तुकडा मी तीनदा ऐकला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो.

त्यानंतरच्या काही महिन्यांत मी उशा बदलल्या, पाठीला चेंडू बांधून झोपलो, पलंग उचलला, चाचणी करून घेतली आणि त्यातले बरेचसे चुकीच्या क्रमाने केले. तुमची ती धावपळ वाचावी म्हणून ज्या क्रमाने हे करायला हवे होते त्या क्रमाने येथे लिहीत आहे. यातली एक गोष्ट मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो: कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी तुमचे उताणे असतानाचे घोरणे आणि कुशीवरचे घोरणे वेगवेगळे मोजा.

सुरुवातीला एवढे समजून घ्या: उताणे झोपल्याने नेमके काय होते

घोरण्याचा आवाज नाकात तयार होतो असे अनेकांना वाटते, परंतु तो बहुतेक वेळा घशात तयार होतो. टाळूचा मागचा मऊ भाग, त्याला लोंबणारी पडजीभ, जिभेचे मूळ आणि घशाच्या बाजूच्या भिंती हे सगळे मऊ भाग जागेपणी स्नायूंच्या ताणामुळे आपापल्या जागी राहतात. झोप लागली की हा ताण सैल होतो. तुम्ही उताणे असाल, तर सैल पडलेली जीभ, टाळू आणि खालचा जबडा स्वतःच्या वजनाने मागे, म्हणजे थेट श्वासाच्या वाटेवर येतात. वाट अरुंद झाली की त्याच हवेला अधिक वेगाने जावे लागते, तेथील दाब घटतो आणि मऊ भाग आत ओढले जाऊन फडफडू लागतात. आपल्याला ऐकू येतो तो या फडफडीचा आवाज.

कुशीवर झाल्यावर तेच वजन बाजूला पडते आणि घशाची पोकळी पुढून-मागून चपटी न होता अधिक गोलसर राहते. याखेरीज एक कारण असे आहे, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उताणे असताना पोटातील अवयव छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला वर ढकलतात, त्यामुळे फुप्फुसांत श्वासाअखेर उरणारी हवा कमी होते, आणि फुप्फुसे भरलेली असताना श्वासनलिकेला खालून जो हलका ताण मिळून घसा ताठ राहतो, तो ताणही कमी पडतो. पोटाचा घेर मोठा असलेल्यांना उताणे झोपणे विशेष बाधते, त्यामागे हेही एक कारण आहे.

ही वाट नुसती अरुंद न होता पूर्ण किंवा बरीचशी बंद होऊ लागली, श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडू लागला आणि हे रात्रभर पुन्हा पुन्हा घडू लागले, तर तो केवळ घोरण्याचा प्रश्न राहत नाही. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. हा आजार असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा त्रास उताणे असताना ठळकपणे वाढतो. अमेरिकेतील निद्रासंशोधक रोझलिंड कार्टराइट यांनी १९८४ साली यासाठी एक सोपी कसोटी मांडली आणि ती आजही वापरली जाते: उताणे असताना श्वास अडण्याचे ताशी प्रमाण इतर स्थितींच्या किमान दुप्पट असेल, तर तो त्रास स्थितीशी बांधलेला आहे असे समजावे.

हे प्रयोग कोणी करू नयेत, किंवा आधी डॉक्टरांना विचारावे

एक वर्षाखालील बाळाला हा लेख लावू नका. बाळाला झोपवताना प्रत्येक वेळी उताणेच झोपवायचे असते, कारण कुशीवर किंवा पालथे झोपवल्याने झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो. बाळाच्या अंथरुणात उशा आणि लोडही ठेवायचे नसतात. मोठे मूल नियमितपणे घोरत असेल, तर कारण बहुधा वाढलेल्या टॉन्सिल्स किंवा ॲडेनॉइड्स, म्हणजे नाकामागील ग्रंथी, यांमध्ये असते, त्यामुळे त्याची तपासणी व्हायला हवी, कूस बदलण्याचे प्रयोग नव्हेत.

मोठ्या माणसांपैकी ज्यांचा श्वास झोपेत थांबताना कोणी पाहिला आहे, जे गुदमरून जागे होतात, ज्यांना सकाळी डोकेदुखी असते, पुरेशी झोप घेऊनही दिवसा डुलक्या येतात किंवा वाहन चालवताना डोळे मिटू लागतात, ज्यांचा रक्तदाब औषधे घेऊनही आटोक्यात येत नाही, त्यांनी पायरी १ आणि २ कराव्यात आणि तेथूनच डॉक्टरांकडे जावे. दिवसा झोप अनावर होत असेल तर उपचार सुरू होईपर्यंत वाहन चालवू नये, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो. हृदयविकार, काचबिंदू, मणक्याचे किंवा खांद्याचे दुखणे असलेल्यांनीही आपल्यासाठी कोणती कूस चालेल ते आधी विचारून घ्यावे. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवरच झोप सुरू करण्याचा सल्ला दिला जातो, परंतु त्या काळात नव्याने सुरू झालेले घोरणे डॉक्टरांच्या कानावर घातलेच पाहिजे, विशेषतः रक्तदाब वाढलेला असेल तर.

१. साहित्य जमवा

पहिल्या दोन आठवड्यांसाठी लागणारे साहित्य बहुतेक घरांत असतेच:

- रात्रभर ध्वनिमुद्रण करू शकणारा फोन आणि त्याचा चार्जर
- वही आणि पेन
- शिवणकामाची टेप
- झोपण्याची नेहमीची उशी, शिवाय दोन जादा उशा किंवा एक लांब लोड
- अंगाला घट्ट बसणारा जुना टी-शर्ट, सुईदोरा आणि जाड कापडाचा तुकडा
- शक्य असल्यास, रात्री एक-दोनदा जागे होऊन पाहणारे घरातले कोणी

टेपने मानेचा घेर मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. डॉक्टर वापरतात त्या स्टॉप-बँग प्रश्नावलीत ४० सेंटीमीटरहून अधिक घेर हा ॲप्नियाच्या शक्यतेचा एक निर्देशक धरला जातो. त्याच पानावर वजन, उंची, रक्तदाब आणि चालू औषधांची नावे लिहून ठेवा. हे पान पुढे डॉक्टरांकडे उपयोगी पडेल.

२. सात रात्री काहीही न बदलता नोंद करा

येथे घाई करू नका. पहिल्या आठवड्यात उशी, अंथरूण, झोपेची वेळ, सगळे नेहमीचेच ठेवा. फोन दररोज एकाच जागी, डोक्यापासून साधारण एका हाताच्या अंतरावर ठेवा, कारण अंतर बदलले की आवाजही लहान-मोठा वाटतो आणि तुलना फसते. तो उशीखाली किंवा पांघरुणात ठेवू नका. आवाज दबतो आणि चार्जिंगला लावलेला फोन तापतो.

फोनला घोरणे ऐकू येते, तुम्ही कोणत्या कुशीवर आहात हे मात्र कळत नाही, आणि आपली सगळी तपासणी तर त्यावरच आहे. यासाठी तीन मार्ग आहेत. घरातल्या व्यक्तीने रात्री जाग आल्यावर घड्याळातली वेळ आणि तुमची स्थिती एवढेच कागदावर टिपणे हा पहिला मार्ग. एकटे झोपत असाल, तर छातीवर बांधून शरीराची स्थिती नोंदवणारे लहान यंत्र वापरता येते. तेही नसेल, तर काही रात्री जाणीवपूर्वक उताणे पडून आणि काही रात्री पाठीमागे लोड लावून कुशीवर पडून झोपा आणि प्रत्येक रात्रीचा पहिला दीड-दोन तासांचा आवाज ताडून पाहा. हा तिसरा मार्ग ढोबळ आहे, तरी दिशा दाखवतो.

सकाळी वहीत चार रकाने भरा: घोरणे सुरू झाल्याची वेळ, तेव्हाची स्थिती, मध्ये शांतता येऊन मग धापेसारखा श्वास आला का, आणि उठल्यावर कसे वाटले. रात्री मद्य घेतले असेल, सर्दी असेल किंवा झोपेची गोळी घेतली असेल, तर त्या ओळीसमोर तसे लिहा. अशा रात्री तुलनेत धरायच्या नसतात.

येथे हमखास होणारी चूक अशी की माणूस फोनमधील ॲपने दिलेल्या गुणांवर विसंबतो आणि मूळ आवाज ऐकतच नाही. ॲपला पंखा, बाहेरचे वाहन आणि शेजारी झोपलेल्याचे घोरणे यांतला फरक नेहमी कळतो असे नाही. शिवाय सर्वांत काळजीचा भाग असतो शांततेचा, आणि ॲपच्या आलेखात तीच शांतता चांगली रात्र म्हणून दिसू शकते. म्हणून रात्रीचे निदान तीन तुकडे स्वतः ऐका.

३. तुमचा त्रास कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

सात रात्रींच्या नोंदी समोर ठेवल्या की सहसा तीनपैकी एक चित्र दिसते.

पहिले चित्र: उताणे असताना जोराचे घोरणे आणि कुशीवर जवळजवळ शांतता. तसे असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठीच आहेत. असे चित्र तुलनेने कमी वजनाच्या, वयाने लहान आणि त्रास सौम्य असलेल्या लोकांत अधिक आढळते.

दुसरे चित्र: दोन्ही स्थितींत घोरणे, पण उताणे असताना अधिक. यांना कूस बदलून थोडा फायदा होईल, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही.

तिसरे चित्र: स्थिती कोणतीही असो, आवाज तोच. येथे उशांवर पैसे खर्च करू नका. नाक, टॉन्सिल्स, वजन, जबड्याची ठेवण यांपैकी काय आहे ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घेणे अधिक योग्य.

४. उशी आधी दुरुस्त करा

माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली. डोके उंच ठेवले की श्वास मोकळा होतो असे ऐकून मी एकावर एक दोन जाड उशा घेतल्या आणि घोरणे आणखी वाढले. कारण उशीने फक्त डोके उचलले जाते, धड खालीच राहते, मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकू लागते आणि घशाची वाट नेमकी वळणावर दुमडली जाते. बसल्या बसल्या हनुवटी छातीला लावून दीर्घ श्वास घ्या आणि मग मान सरळ करून घ्या, फरक तुम्हाला लगेच जाणवेल.

कुशीवर झोपण्यासाठी उशीची उंची मानेच्या बाजूपासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराएवढी असावी आणि गादीत खांदा जितका रुततो तितकी त्यातून वजा करावी. म्हणजे मऊ गादीवर पातळ उशी आणि कडक गादीवर जाड उशी. हे अंदाजाने ठरवू नका. कुशीवर झोपा आणि कोणालातरी समोरून आणि मागून छायाचित्र काढायला सांगा. नाक, हनुवटी आणि छातीच्या हाडाचा मध्य यांतून जाणारी रेघ गादीला समांतर दिसली पाहिजे. डोके खाली झुकलेले दिसले तर उशी पातळ आहे, वर उचललेले दिसले तर जाड. मागून पाहताना मानेचे मणके पाठीच्या कण्याच्या ओळीतच असावेत. माझ्या पहिल्या छायाचित्रात डोके इतके खाली झुकले होते की रोज सकाळी मान का अवघडते हेही त्यातून कळले. अखेर जाडी नेमकी जुळवायला मी उशीखाली टॉवेलची घडी घातली, आणि तीच घडी आजही आहे.

५. कुशीवर टिकून राहायला शरीराला शिकवा

कुशीवर झोप लागणे अवघड नसते, रात्रभर तेथे राहणे अवघड असते. वरच्या बाजूच्या हाताला आणि पायाला आधार नसला की ते खाली घसरतात, कंबर पिळवटते आणि शरीर सुटका म्हणून मागे वळून उताणे होते. त्यामुळे पाठीमागे भिंत उभारण्याआधी समोरचा आधार नीट करा.

गुडघ्यांच्या मध्ये एक उशी ठेवा, आणि ती घोट्यांपर्यंत पोहोचेल एवढी लांब असू द्या. छातीशी दुसरी उशी किंवा लोड धरून वरचा हात त्यावर टाका. दोन्ही गुडघे थोडे वाकवा. खालचा खांदा थेट टोकावर न ठेवता हलकेच पुढे ओढून घ्या, म्हणजे भार सांध्यावर न येता खांद्याच्या फऱ्यावर येतो. ही खांद्याची गोष्ट लहान वाटते, पण कुशीवर झोपणे सोडून देणाऱ्यांची पहिली तक्रार खांदा दुखण्याचीच असते. शेवटी पाठीला लागून एक लोड ठेवा, तो पाठीखाली किंचित खोचलेला असावा, नुसता ठेवलेला नव्हे, नाहीतर पहिल्याच धक्क्याला तो पलंगाखाली जातो.

डावी कूस की उजवी, हा प्रश्न सगळे विचारतात. घोरण्याच्या दृष्टीने दोन्ही चालतात. ज्यांना रात्री आंबट पाणी घशाशी येते त्यांना डावी कूस बरी पडते, कारण त्या स्थितीत जठरातील आम्ल अन्ननलिकेत तितक्या सहजपणे चढत नाही. नाकाचा मधला पडदा वाकडा असलेल्यांनी मात्र दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्यात. कुशीवर झाल्यावर खालच्या बाजूची नाकपुडी काही वेळाने चोंदते, हा शरीराचा स्वाभाविक क्रम आहे. तुमची मोकळी नाकपुडीच खाली गेली आणि वरची मुळात अरुंद असली, तर तोंड उघडे पडून घोरणे परत सुरू होऊ शकते. माझ्या बाबतीत उजव्या कुशीवर हेच होत असे, आणि वहीत नोंद नसती तर ते कधीच लक्षात आले नसते.

पालथे झोपल्यानेही घोरणे कमी होते, पण मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते आणि कमरेवर ताण येतो, त्यामुळे मी तो मार्ग सुचवणार नाही. छातीशी जाड लोड धरून अर्धे पुढे झुकलेले राहणे हा त्यातला सुसह्य पर्याय आहे.

पहिले आठ-दहा दिवस झोप मोडेल. मध्यरात्री उताणे असल्याचे लक्षात आले, तर न चिडता पुन्हा कुशीवर वळा आणि सकाळी तेवढी नोंद करा. जोडीदाराला सांगून ठेवा की ढोसून पूर्ण जागे करण्याऐवजी खांद्याला हलका हात लावून वळवावे. माझ्या पत्नीने असे दोन आठवडे केले आणि त्या दोन आठवड्यांत तिची झोप माझ्यापेक्षा अधिक गेली, हे येथे नमूद करायला हवे.

६. लोड पुरत नसेल तर पाठीला अडथळा लावा

टी-शर्टच्या पाठीवर टेनिसचा चेंडू शिवून झोपण्याची युक्ती जुनी आहे. उताणे होऊ लागलो की तो टोचतो आणि आपण झोपेतच परत वळतो. शिवायचा असल्यास खिसा दोन फऱ्यांच्या मध्ये, कण्याच्या रेषेवर घ्या. मी प्रथम तो कमरेजवळ शिवला, तेव्हा सैल कापडासह चेंडू बगलेकडे सरकला आणि मी त्याच्या शेजारी खुशाल उताणा झोपलो. खिसा चेंडूला घट्ट बसेल असा आणि टी-शर्ट अंगाला चिकटून असेल असाच घ्या. एका चेंडूऐवजी फोमची लांबट गुंडाळी उभी शिवली तर ती कमी टोचते आणि सरकतही नाही. हाडे ठिसूळ असलेल्यांनी किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी हा उपाय करू नये.

या युक्तीविषयी स्पष्ट बोलायला हवे. ती काम करते, पण माणसे ती चालू ठेवत नाहीत. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सरासरी अडीच वर्षांनी विचारले असता चेंडू वापरत राहिलेले लोक शंभरात दहाही निघाले नाहीत. बहुतेकांनी अस्वस्थता हे कारण सांगितले. काही थोड्यांना मात्र उताणे न होण्याची सवय लागून चेंडूची गरजच उरली नव्हती, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग तोच आहे: दोन-तीन महिने शिकवणारा सोबती म्हणून.

त्यानंतरचा पर्याय म्हणजे मानेला किंवा छातीला बांधायचे लहान कंपन-यंत्र. तुम्ही उताणे झालात की ते हलके थरथरते आणि वळला नाहीत तर थरथर वाढवत जाते. लोक हे चेंडूपेक्षा अधिक काळ वापरतात असे अभ्यासांत दिसले आहे. घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा: ते रात्रीची स्थिती नोंदवून ठेवते का, आणि पहिल्या काही रात्री कंपन बंद ठेवून नुसती नोंद घेण्याची सोय त्यात आहे का. काही दिवस वापरून परत करण्याची मुभा असेल तर उत्तम.

७. पलंगाचे उशाकडचे टोक उचला

ज्यांना खांदे किंवा कंबर यांमुळे कुशीवर झोपताच येत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. येथे डोके नव्हे तर धडासकट वरचे सगळे शरीर कलते, त्यामुळे मान दुमडत नाही. २०१७ साली ब्राझीलमधील एका अभ्यासात ७.५ अंशांच्या कलानेही श्वास अडण्याचे प्रमाण कमी झालेले आढळले. दोन मीटर लांबीच्या पलंगाला एवढा कल देण्यासाठी टोक सुमारे २६ सेंटीमीटर उचलावे लागते, जे एकदम केल्यास माणूस पायथ्याकडे घसरतो. १० सेंटीमीटरपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवा. पायांखाली रुंद, मजबूत ठोकळेच घाला, सुट्या विटा किंवा पुस्तके रात्री निसटतात. पाचरीच्या आकाराची उशी घेणार असाल तर ती कमरेपासून सुरू होणारी हवी.

८. स्थितीचा फायदा बुडवणाऱ्या गोष्टी

मद्य आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू अधिकच सैल करतात, त्यामुळे कुशीवरही घोरणे येते. मद्य झोपेआधी किमान तीन-चार तास तरी टाळा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. नाक चोंदलेले असेल तर झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. तोंडाला पट्टी चिकटवून झोपण्याचा प्रकार करू नका. नाक बंद झाले किंवा ॲप्निया असला तर त्यात जीव घुसमटतो.

९. पुन्हा मोजा, आणि चाचणीचा अहवाल नीट वाचा

चार आठवड्यांनी पायरी २ पुन्हा करा, त्याच जागी फोन ठेवून. आवाज कमी झाला म्हणजे श्वास सुरळीत झाला असे मात्र धरू नका. घोरणे हलके होऊनही श्वास अडत राहू शकतो, आणि ते कानाला कळत नाही. पूर्वी धापेसारखा श्वास ऐकू आला असेल, तर निद्राचाचणी, म्हणजे रात्रभर झोपेतील श्वास नोंदवणारी चाचणी, करूनच खात्री करून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना हे न्या:

- नोंदवही आणि निवडक ध्वनिमुद्रणाचे दोन-तीन तुकडे, वेळेसह
- चालू औषधांची यादी आणि रक्तदाबाच्या अलीकडच्या नोंदी
- थायरॉइड, साखर, हृदय यांचे पूर्वीचे अहवाल
- नाक-घशाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची कागदपत्रे
- शक्य असल्यास तुम्हाला झोपेत पाहणारी व्यक्ती

चाचणी ठरवताना पहिला प्रश्न हा विचारा: “यात झोपेतील स्थितीची नोंद होते का?” घरी नेऊन करायच्या काही साध्या यंत्रांत ती होत नाही, आणि मग आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तरच मिळत नाही. अहवालात ताशी किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला याचा आकडा असतो. मोठ्या माणसांसाठी ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक तीव्र असे धरतात. हा आकडा रात्रभराची सरासरी असतो. माझा १४ होता, म्हणजे सौम्य. पण दुसऱ्या पानावर उताणे असतानाचा आकडा २६ आणि कुशीवरचा ५ होता, कारण त्या रात्री मी झोपेचा साधारण ४३ टक्के भाग उताणा होतो. तोच मी सगळी रात्र उताणा झोपलो असतो तर मध्यम गटात गेलो असतो. म्हणून दोन्ही आकडे आणि प्रत्येक स्थितीतील मिनिटे मागून घ्या. अंगाला तारा लावलेल्या असल्यामुळे चाचणीच्या रात्री अनेक जण नेहमीपेक्षा अधिक वेळ उताणे राहतात, तेव्हा घरच्या नोंदीशी ताडून पाहणे आवश्यक असते.

१९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेले सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून हलक्या दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र, श्वास अडण्याचे प्रमाण कूस बदलण्यापेक्षा अधिक खाली आणते. तुम्हाला ते दिले गेले असेल तर कुशीवर झोपण्याने बरे वाटते म्हणून ते बंद करू नका. डॉक्टरांनी केवळ स्थिती बदलण्याचा सल्ला दिला असेल, तर त्या स्थितीत झोपूनच दुसरी चाचणी करून घ्या. माझ्या दुसऱ्या चाचणीत सरासरी ६ आली आणि उताणी झोप रात्रीच्या विसाव्या भागाहूनही कमी भरली.

वजन वाढले, नवे औषध सुरू झाले किंवा नाकाचा त्रास वाढला की हे गणित बदलते. मी दर तीन महिन्यांनी सलग तीन रात्री ध्वनिमुद्रण करतो, आणि वहीचा तोच चार रकान्यांचा तक्ता अजून चालू आहे.